आबांच्या कागदाचा कोपरा

आबांच्या ट्रंकेत गणवेश नव्हता. नेव्हीत चाकरी केलेल्या माणसाच्या ट्रंकेत तो असणारच, असं मी धरून चाललो होतो. निळी कॉलर, गोल टोपी, गेला बाजार एखादं बटण तरी. निघालं ते एवढंच: फीत नसलेला सहा टोकांचा एक तारा, घड्यांवर फाटत आलेला एक जाड कागद, आणि त्याखाली शेतसाऱ्याच्या पावत्यांची चवड. त्या पावत्या कुणी आणि का जपल्या, देव जाणे.

तारा ओळखीचा होता. दसऱ्याला कोयता, विळी आणि पहारीबरोबर तोही पाटावर यायचा. आदल्या दिवशी आजी तो चिंचेने घासायची. पितळेचाच म्हणून आम्ही पोरं तो हाताळायचो. कागद मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. छापील रकाने इंग्रजी, भरलेली अक्षरं तीन-चार वेगवेगळ्या हातांची. आणि एक कोपरा गायब.

"गोऱ्यांनी कापला तो," आत्या म्हणाली. "आबा बंडात होते ना शेचाळीसच्या. म्हणून काढलं त्यांना."

आत्याच्या बोलण्यात तथ्य असू शकत होतं, हे मला पुढे वाचताना कळलं. ब्रिटिश रॉयल नेव्हीत प्रत्येक खलाशाला सेवेचा दाखला मिळे. कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत, हुद्दा काय, वर्तणूक कशी, सगळं त्यात असे. एखाद्याला वाईट शेऱ्यानिशी किंवा बेअब्रू करून काढलं तर दाखल्याचा कोपरा कापायचा, असा नियमच दाखल्यावर छापलेला असे. पुढे कुठेही नोकरी मागायला गेलेल्या माणसाची कुंडली समोरच्याला न वाचता कळावी, ही त्यातली सोय. रॉयल इंडियन नेव्ही चालली ती त्याच साच्यात.

म्हणजे आमच्या घरात आबांविषयी दोन गोष्टी चालत. एक, ते बंडात होते. दुसरी, त्यांनी दोन जपानी जहाजांशी एकट्याच्या जहाजावरून झुंज दिली. नातवाने दोन्ही ऐकल्या होत्या, दोन्ही शाळेत सांगितल्या होत्या. आबा स्वतः काय सांगत? ते डासांबद्दल सांगत. आणि चिखलाबद्दल.

शोध घेणाऱ्याची पहिली चूक नावाची असते. कागदावर आमचं आडनावच नाही. आबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, पुढे गाव. तेही कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. ह्या नावाने जगातली कुठलीही यादी चाळली तरी हाती काही लागणार नव्हतं. शिवाय कोकणात 'आबा जहाजावर होते' ह्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक, व्यापारी आगबोटीवरचा खलाशी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावागावांतून सारंग, टंडेल, सुकाणी ह्या कामांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या गेली, गोव्याची मंडळी खानपानाकडे. त्यांचा दाखला म्हणजे 'नळी'. पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत म्हणून ते नाव. दुसरा अर्थ, सरकारी आरमार. युद्धात दोघेही एकाच समुद्रावर मरत होते, पण त्यांची दप्तरं वेगळी, पदकं वेगळी, दैवंही वेगळी. मेलेल्यांत व्यापारी जहाजांवरचेच कितीतरी जास्त. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या खलाशांच्या नावांची वही आहे. सहा हजारांहून अधिक नावं, त्यातली आरमाराची काही शेकडाच. तिथून बाहेर पडलं की पन्नास पावलांवर मालाच्या हातगाड्या चाललेल्या असतात. आत काय आहे ते विचारलं तर दहांतल्या नऊजणांना सांगता येणार नाही.

आबांकडे नळी नव्हती, दाखला होता. म्हणजे आरमार. आणि क्रमांक? तो कागदाच्या त्याच कोपऱ्याबरोबर गेलेला. तो सापडला चिंचेने घासलेल्या ताऱ्यावर. ब्रिटनने आपल्या सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं कोरीच दिली, पण हिंदुस्थानी सैनिकांच्या पुष्कळ पदकांवर नाव आणि क्रमांक ठोकलेला असतो. पन्नास दसऱ्यांनी अक्षरं गुळगुळीत झाली होती. तारा खिडकीपाशी तिरका धरला, वर पेन्सिलीची पूड चोळली, तेव्हा आकडे उठले.

आता थोडं मागे जायला हवं. ज्याला आपण आज भारतीय नौदल म्हणतो ते १९३४ च्या ऑक्टोबरात 'रॉयल इंडियन नेव्ही' झालं. त्याआधी ते रॉयल इंडियन मरीन होतं, सैन्याची ने-आण आणि किनाऱ्याची मोजणी ही त्याची मुख्य कामं. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ह्या आरमारात दोन हजार माणसंही नव्हती. लढाऊ म्हणावीत अशी जहाजं बोटांवर मोजण्याइतकी. खालच्या हुद्द्यांवर भरती होती ती बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांची, नंतर पंजाबी मुसलमानांची. दाभोळ, जयगड, बाणकोटकडच्या मोहल्ल्यांत बाप, मुलगा, पुतण्या एकाच जहाजावर हे नवल नव्हतं. युद्धाने हा घरगुती कारभार मोडला. मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, सगळीकडून पोरं घेतली गेली. त्यात समुद्र न पाहिलेली होती आणि मॅट्रिक झालेलीही होती. १९४५ पर्यंत संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली. आमचे आबा ह्या नव्या भरतीतले. हर्णैचे, जातीने भंडारी, वय कागदावर अठरा. आजीच्या हिशेबाने सोळा.

हर्णैच्या माणसाला आरमार नवं नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. तिथून कान्होजी आंग्रे पुढे आले. पण आबांच्या दाखल्यावर पहिलं नाव आहे 'दलहौसी'. ह्या एका नावाने माझे चार महिने खाल्ले. दलहौसी नावाच्या युद्धनौकेने कोणत्या लढाया केल्या ते मी शोधत बसलो. लढाया कुठल्या! ते जहाज नव्हतंच. इंग्रजांच्या आरमारी रिवाजात जमिनीवरच्या तळालाही जहाजाचं नाव देतात, फाटकाबाहेर पडणारा 'किनाऱ्यावर' जातो, आणि भिंतीआडचा माणूस कागदोपत्री समुद्रात असतो. लोणावळ्याच्या डोंगरात समुद्राचं नखही दिसत नाही, तरी तिथली 'शिवाजी' १९४५ पासून जहाजच आहे. 'दलहौसी' म्हणजे मुंबईच्या गोदीजवळचा, जुन्या किल्ल्याच्या भिंतींतला कॅसल बरॅक्सचा तळ. सातारचं राज्य ज्याने खालसा केलं त्या लाटसाहेबाच्या नावाखाली हर्णैचं पोर कवायत शिकत होतं. १९५१ मध्ये त्याच तळाला 'आंग्रे' हे नाव मिळालं. तेवढा न्याय झाला.

दाखल्यावरची पहिली तारीख १९४३ च्या उन्हाळ्यातली. इथेच घरातली एक गोष्ट निकालात निघाली.

ती दोन जपानी जहाजांची गोष्ट खरी आहे, फक्त आबांची नाही. तारीख ११ नोव्हेंबर १९४२. सिडनीत बांधलेली 'बेंगाल' ही सुरुंगशोधक नौका नवी कोरी हिंदुस्थानकडे निघाली होती. जेमतेम साडेसहाशे टनांची. मुख्य तोफ एक, तीही बारा पौंडी, म्हणजे ह्या कामाला खेळण्यातली. सोबत 'ओंडिना' हे डच तेलवाहू जहाज. त्यावर एक चार इंची तोफ आणि गोळे मोजून बत्तीस. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला क्षितिजावर दोन जहाजं दिसली: 'होकोकु मारू' आणि 'आइकोकु मारू'. दोन्ही दहा हजार टनांची. मूळ प्रवासी-मालवाहू, आता तोफा आणि पाणतीर चढवलेली. बेंगालच्या कप्तानाचं नाव विल्यम विल्सन. त्याने ओंडिनाला निघून जायला सांगितलं आणि स्वतः बेंगालचं नाक सरळ शत्रूकडे वळवलं. तेलाच्या जहाजाला पळायला वेळ मिळावा म्हणून.

पुढे जे झालं त्यावर आरमारी माणसं अजून भांडतात. एक गोळा होकोकु मारूच्या मागच्या भागात पाणतिरांच्या जागी बसला, आग भडकली, स्फोट झाले आणि ते अवाढव्य जहाज बुडालं. गोळा बेंगालचा की ओंडिनाचा? डचांचा दावा जास्त पटण्यासारखा आहे, असं मला वाटतं. त्यांची तोफ मोठी होती. पण हिंदुस्थानात त्या वेळी जी बातमी गाजली ती बेंगालची. बेंगालला गोळे लागले, दारूगोळा संपत आला, ती धुराच्या पडद्याआड निसटली आणि ओंडिना बुडालं असं समजून कोलंबोला पोचली. इकडे ओंडिनाचा कप्तान ठार झाला होता. माणसांनी होड्या सोडल्या, जपान्यांनी होड्यांवरही गोळ्या झाडल्या. मग उरलेलं जपानी जहाज निघून गेलं. होड्यांतल्या माणसांनी पाहिलं तर आपलं जहाज अजून तरंगतंय. ती परत चढली, आगी विझवल्या आणि ऑस्ट्रेलियाला फ्रीमँटल बंदरात जहाज परत घेऊन आली. बेंगालवर एकही माणूस दगावला नाही.

अशी गोष्ट मिळाल्यावर ती एका जहाजापुरती कशी राहील? भरती झालेल्या प्रत्येक पोराने ती ऐकली असणार. आबांनी ती आजीला सांगितली असेल, आजीने आत्याला. तीन तोंडं पालटली की 'आमच्या आरमाराने' ह्याचं 'आमच्या आबांनी' व्हायला काय लागतं.

मग आबांनी केलं काय? दाखल्यावर पुढची दीड ओळ मुंबईतच आहे. म्हणजे १४ एप्रिल १९४४ ला ते इथेच होते. दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे कापूस आणि स्फोटकं एकत्र भरलेलं जहाज उडालं. त्या आगीत आरमाराचं 'एल हिंद' जळून गेलं, 'जलपद्मा'चा मागचा भाग उचलून धक्क्यावर फेकला गेला. ह्याविषयी आबा घरात एक वाक्य बोलत. आकाशातून तव्याएवढे पत्रे पडत होते, एवढंच.

त्यानंतर दाखल्यावर एका तळाचं नाव येतं आणि पुढे कंसात 'एम. एल.' आणि तीन आकडे. आधी मला ती एखाद्या कोर्सची खूण वाटली. पण लहान बोटींवरच्या माणसांची नोंद जवळच्या तळाच्या खात्यावर करायची आणि बोट कंसात लिहायची, अशी रीत होती. एम. एल. म्हणजे मोटर लाँच. ह्या बोटींना फेअरमाइल म्हणत. एकशे बारा फूट लांब, लाकडी, पेट्रोलवर चालणारी, वर पंधरा-सोळा माणसं. हिंदुस्थानच्या गोद्यांतही त्या बांधल्या गेल्या. युद्धनौका म्हणून पाहिलं तर हसू यावं. आमच्याकडच्या मच्छीमाराला मात्र ती लगेच कळेल, कारण ती पाच-साडेपाच फूट पाण्यात चालते.

आणि चालायचं होतं आराकानमध्ये. बर्माचा हा पश्चिम किनारा नकाशावर सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो भरती-ओहोटीच्या खाड्यांनी चिरलेला आहे. तिथे खाडीला 'चाउंग' म्हणतात. दोन्ही काठांना कांदळवन, खाली गुडघ्याच्या वर जाणारा चिखल, ओहोटीला अर्धी खाडी नाहीशी. रस्ते नाहीतच. जपान्यांची रसद ह्याच पाण्यातून रात्री होड्यांनी जायची, आणि ती अडवायची तर मोठ्या जहाजाचा काही उपयोग नव्हता. रात्री इंजिन मंद करून कांदळाच्या सावलीत बोट उभी करायची, दिवा नाही, विडी नाही, बोलणं नाही. मग वल्ह्याचा आवाज येतो का ते ऐकत बसायचं. अंगावर डास. हे मी पुस्तकात वाचत होतो आणि ओसरीवर बसलेले आबा आठवत होते. दाभोळच्या खाडीत रात्री जाळं लावून बसलेला माणूस आणि हा माणूस ह्यांत फरक एवढाच की ह्याच्यासमोर तीन पौंडी तोफ होती.

१९४५ च्या जानेवारीत हे काम चढलं. ३ तारखेला अक्याब घेतलं, तेही लढाईविना, जपानी आधीच निघून गेले होते. १२ ला म्येबोन. २१ ला रामरी बेट. २२ ला कांगॉ, आणि ते सगळ्यांत अवघड. समोरच्या वाटेने न जाता पन्नासेक बोटींचा ताफा दाइंगबोन चाउंगमधून आत घुसला. खाडी एवढी अरुंद की काठावरच्या बंदुकीला नेम धरायची गरज नव्हती. बोटींनी कमांडो चिखलात उतरवले आणि पुढचे आठ-दहा दिवस '१७० नंबरच्या टेकडी'साठी हातघाईची लढाई झाली. आराकानात मागून तोफा डागायला आपल्या 'नर्बदा' आणि 'जमना' ह्या स्लूप होत्या. आबांची बोट तिथे नेमकं काय करत होती? दाखला तेवढं सांगत नाही. तारखा जुळतात, आणि ताराही जुळतो: तो बर्मा स्टार आहे.

रामरीच्या दलदलीत मगरींनी शेकडो जपानी सैनिक एका रात्रीत खाल्ले, अशी एक कथा जगभर फिरते. इतिहासकार ती मानत नाहीत. आबांच्या बोलण्यात मगर कधी आलीच नाही. माझ्या हिशेबी हा पुरावा लहान नाही. मगर दिसली असती तर आमच्या आबांनी ती नातवंडांना सांगितल्याशिवाय सोडली नसती.

आता कोपरा.

१८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' ह्या संदेश प्रशिक्षण तळावर खलाशांनी निकृष्ट जेवण नाकारलं. चार-पाच दिवसांत ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात सामील झाले. २१ तारखेला गोळीबार झाला तो कॅसल बरॅक्सवर, म्हणजे आबा जिथे कवायत शिकले त्याच भिंतींपाशी. मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसं मेली. २३ ला उठाव थांबला. पुढे शेकड्यांनी माणसं काढली गेली. कित्येक वर्षांनी त्यांना स्वातंत्र्यसैनिक मानलं गेलं, आणि कुलाब्याकडे स्मारक झालं. हे योग्यच झालं. पण ह्या पाच दिवसांनी आधीची सहा वर्षं झाकून टाकली, असं मला वाटतं. बंडातला खलाशी देशाचा झाला. सिसिलीला गेलेला, अक्याबला बॉम्बहल्ल्यात बुडालेल्या 'इंडस'वरचा, चाउंगमधला, हा इंग्रजांचा चाकर ठरला, आणि इंग्रज तर निघूनच गेले. मग घरोघरी आत्यांनी आपापल्या आबांना बंडात घातलं. दुसरं काय करणार होत्या? आत्याने एकदा तसा अर्जही केला होता. यादीत नाव नाही, म्हणून एका कार्यालयाने तो परत पाठवला. तेव्हापासून कोपरा गोऱ्यांनी कापला ह्यावर तिचा विश्वास जास्तच बसला.

दाखल्याची शेवटची ओळ फिकट झाली आहे. मोबाइलवर फोटो काढून, उजेड कमी-जास्त करून ती वाचली. युद्ध संपल्यामुळे मुक्त, जानेवारी १९४६. वर्तणूक: व्हेरी गुड. म्हणजे तलवारवर जेवण नाकारलं गेलं तेव्हा आबा महिनाभर आधीच हर्णैला घरी होते.

मग कोपरा? तो ट्रंकेतच सापडला, म्हणजे त्याचं उत्तर सापडलं. दाखल्याखालच्या शेतसाऱ्याच्या पावत्या मी फेकायला काढल्या होत्या. वरच्या सात-आठ पावत्यांचा तोच कोपरा नव्हता, आणि कड तीच, अर्धगोल, कुरतडलेली. कात्री नव्हे, कसर.

गणवेशाचाही उलगडा झाला. उठावातल्या खलाशांच्या मागण्या वाचताना राजकीय कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून फौजा परत, गोऱ्यांइतका पगार ह्यांच्या रांगेत एक साधी मागणी दिसते: नोकरीतून मुक्त करताना कपडे काढून घेऊ नका. आबांचे कपडे घेतले गेले. ते एक महिना आधी सुटले होते.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती बराच वेळ ताऱ्याकडे बघत होती.

"म्हणजे बंडात नव्हते."

"नव्हते."

"आणि ते जपानी?"

"ती दुसरी बोट. आपले आबा खाडीत होते. आपल्यासारखीच खाडी, कांदळ, चिखल."

"मग तसं सांगायचं ना त्यांनी," आत्या म्हणाली. "खाडीतलं आम्हाला कळलं असतं."

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवणकडे अजून कित्येक माळ्यांवर अशा ट्रंका असतील. कागद सापडला तर तो प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, खालचे कागदही टाकू नका. पदक असेल तर ते आता घासू नका. आणि नावाआधी क्रमांक उतरवून घ्या.